ग्लॅमर-स्टाइल ॲडल्ट सिनेमा: लायटिंग, कॅमेरा आणि ॲक्टिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, इथे कुठली लिंक मिळणार नाही आणि कुठल्या सीनचं वर्णनही नाही. मी ॲड फिल्म आणि गाण्यांच्या शूटवर लाइटचं काम करतो, आणि आमच्या ग्रुपमध्ये सिनेमॅटोग्राफीवर गप्पा रंगल्या की रात्री अकरानंतर कुणीतरी हळूच हा विषय काढतोच, मग तेच ते प्रश्न आणि तीच ती हसाहशी. म्हणून एकदाच बसून लिहून टाकलं. १८ च्या खालच्यांनी इथूनच मागे फिरायचं.

ग्लॅमर-स्टाइल म्हणजे नक्की काय? सगळं सारखंच नसतं का?

नसतं. बहुतेक ॲडल्ट व्हिडिओंचा हिशोब साधा असतो, काय चाललंय ते स्वच्छ दिसलं पाहिजे, बाकी भिंत कुठल्या रंगाची आहे नि लाइट कुठून येतोय याच्याशी कुणाला घेणं नाही. ग्लॅमरवाल्यांचं उलटं. तिथे 'काय चाललंय' यापेक्षा 'कसं दिसतंय' याला जास्त भाव. कपडे, दागिने, हाय हील्स, मोठं घर, पडद्यातून येणारा उजेड, आणि या सगळ्याच्या मधोमध बाई, जिला आपण बघतोय हे पुरेपूर माहीत आहे. म्हणजे फॅशन मासिकाची पानं हलायला लागली तर कशी दिसतील, तसं.

एक मजेशीर गोष्ट, ग्लॅमर हा शब्द मुळात स्कॉटलंडचा आणि तो 'ग्रामर'चाच बिघडलेला अवतार आहे. शिकलेला माणूस म्हणजे याला काहीतरी मंत्रतंत्र येत असणार अशी लोकांची समजूत, त्यातून त्याचा अर्थ झाला जादू, डोळ्यांना पडलेली भूल. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे: नजरबंदी. आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकाराचं वर्म त्या एका शब्दात आहे, लपवायचं बरंच असतं, दाखवण्याचा फक्त आव असतो.

हे सुरू कुठून झालं?

मुळं दोन. एक हॉलिवूडच्या १९३० च्या दशकातल्या स्टुडिओ फोटोंमध्ये, त्यावर लायटिंगच्या प्रश्नात बोलू. दुसरं १९७० च्या दशकात. १९७४ साली फ्रान्समध्ये 'इमॅन्युएल' आला, त्याचा डायरेक्टर जस्ट जॅकां हा मूळचा फॅशन फोटोग्राफर, आणि ते पिक्चरभर कळतं. थायलंडमधलं शूटिंग, मऊ उजेड, आणि पोस्टरवर ती वेताची मोरपिसाऱ्यासारखी खुर्ची, जी नंतर जगभरातल्या फोटो स्टुडिओंमध्ये पोचली. तो पिक्चर सॉफ्ट होता, म्हणजे सेक्सचा नुसता अभिनय, हार्डकोरसारखा खराखुरा नाही. पॅरिसमध्ये मात्र वर्षानुवर्षं चालला.

अमेरिकेत त्याच काळात रॅडली मेट्झगर नावाचा माणूस 'हेन्री पॅरिस' या खोट्या नावाने हार्डकोर पिक्चर काढत होता, आणि ते अगदी रीतसर, ३५ एमएमवर, स्क्रिप्ट घेऊन, लोकेशनला जाऊन. त्याचा १९७६ चा 'दि ओपनिंग ऑफ मिस्टी बिथोवन' चक्क बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेला. हो, तीच गोष्ट, जिच्यावरून पु.लं.नी 'ती फुलराणी' केलं. एकाच गोष्टीची दोन बाळं किती वेगळ्या घरी वाढली बघा.

मग व्हीसीआर आला आणि सगळा खेळ बसला.

का? व्हिडिओने काय बिघडवलं?

पैसा वाचवला आणि दिसणं घालवलं. थिएटरसाठी काढायचं तर फिल्म लागायची, फिल्मचा रोल, लॅब, निगेटिव्ह कटिंग, सगळा खर्च. घरी टीव्हीवरच बघणार आहेत म्हटल्यावर कोण कशाला एवढं करेल, व्हिडिओ कॅमेरा आणला, दोन लाइट छताकडे मारले, एका दिवसात पिक्चर तयार. तेव्हाचे ट्यूबवाले व्हिडिओ कॅमेरे उजेड-अंधारातला फरक फार झेलू शकायचे नाहीत, खिडकी मागे आली की पांढरा भपकारा आणि सावलीत गेलं की नुसता चिखल, त्यामुळे सगळीकडे सारखाच उजेड मारायचा, लग्नाच्या हॉलसारखा. ज्यांनी नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेट बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

मग अँड्र्यू ब्लेकचं नाव एवढं का घेतात?

कारण त्याच लग्नाच्या कॅसेटच्या जमान्यात, १९८९ साली, या माणसाने 'नाइट ट्रिप्स' काढला. गोष्ट दोन ओळींची. एका बाईला झोप लागत नाही, ती डॉक्टरांकडे जाते, ते तिला मशिनला जोडतात आणि तिच्या मनात काय चाललंय ते मॉनिटरवर दिसायला लागतं. बस. पण यामुळे डायरेक्टरला मोकळं रान मिळालं, कारण स्वप्न म्हटलं की कुठल्या शॉटनंतर कुठला शॉट का आला याचा जाब कोण विचारणार! ह्यूस्टनच्या वर्ल्डफेस्ट महोत्सवात या पिक्चरला रौप्यपदक मिळालं. ॲडल्ट पिक्चरला नेहमीच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये पदक हे तेव्हा ऐकायलाही विचित्र होतं.

त्याची स्टाइल लगेच ओळखू येते. डायलॉग जवळपास नाहीत. गोष्ट हळूहळू नावापुरतीही राहिली नाही. संगीत एकसारखं वाजत राहतं, मधेच ब्लॅक अँड व्हाइट, मधेच स्लो मोशन, आणि कॅमेरा कितीतरी वेळ एखाद्या मोत्याच्या माळेवर नाहीतर स्टॉकिंगच्या शिवणीवर रेंगाळतो. हेल्मुट न्यूटनच्या फॅशन फोटोंची छाप उघड दिसते, तसल्याच थंड, ताठ, हुकूम सोडणाऱ्या बायका. बऱ्याच लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, आणि खरं सांगू, मलाही त्याचं काम सलग बघवत नाही, वीस मिनिटांनी परफ्यूमची जाहिरात संपतच नाहीये असं वाटायला लागतं. पण कुठलीही दहा सेकंदं काढून फ्रीज करा, फ्रेम चुकलेली सापडणार नाही.

तो 'महागडा' लुक लाइटने येतो की कॅमेऱ्याने?

लाइटने. कॅमेरा कुणीही भाड्याने आणतो.

आता जरा नीट सांगतो. १९३० च्या सुमारास डायरेक्टर जोसेफ फॉन स्टर्नबर्ग मार्लिन डीट्रिश या नटीला लाइट करायचा तेव्हा मेन लाइट चेहऱ्याच्या बरोब्बर समोर पण उंचावर ठेवायचा. त्याने नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली पडते, गालाची हाडं वर येतात, गाल आत जातात आणि हनुवटीखालचं सगळं अंधारात लपतं. याला बटरफ्लाय लायटिंग म्हणतात, पॅरामाउंट लायटिंगही म्हणतात कारण ती त्या स्टुडिओची. त्याच काळात जॉर्ज हरेल हा फोटोग्राफर एमजीएम स्टुडिओच्या नटनट्यांचे फोटो काढायचा, अंधारातून वर आलेला चेहरा, केसांवर मागून कडक लाइट, आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिल घेऊन सुरकुत्या पुसणारी माणसं वेगळी. ग्लॅमरची सगळी विद्या इथली आहे. ॲडल्टवाल्यांनी ती फक्त चेहऱ्यावरून खाली अख्ख्या अंगावर आणली.

आणि तिथेच खरी पंचाईत होते. चेहरा एका जागी असतो हो, अंग वळतं. समोरून सपाट लाइट मारला तर शरीर पुठ्ठ्यासारखं दिसतं, म्हणून मेन लाइट बाजूने किंवा मागून घ्यायचा, त्यामुळे कडेला एक चमकती रेघ येते आणि गोलाई कळते, आणि समोरून फक्त थोडासा उजेड परत फेकायचा. आमच्याकडे यासाठी थर्माकोलचा शीट धरून एक पोरगा उभा करतात, पुढे बटरपेपर लावून लाइट मऊ करतात, तत्त्व तेच. अंगाला हलकं तेल लावतात ते याच कारणाने, कोरड्या कातडीवर उजेड पसरून मरतो आणि तेलकट कातडीवर तो एका ठिकाणी चमकतो. आता माणूस हलला की ती चमकती रेघ पण हलते, लाइटमधून बाहेर जातो, स्वतःचीच सावली स्वतःवर पडते. म्हणून ग्लॅमरच्या सीनमध्ये लोक एवढे हळू हलतात. तुम्हाला वाटतं मूड आहे, अहो तो लाइटचा नाइलाज आहे! निम्मी 'मादकता' ही गॅफरने, म्हणजे सेटवरच्या मुख्य लाइटवाल्याने, आखून दिलेल्या दीड फुटाच्या जागेतून बाहेर न जाण्याची कसरत असते.

तो धूसर, दुधासारखा मऊपणा कसा आणतात? फिल्टर का?

फिल्टरही असतो, लेन्सपुढे काचेवर व्हॅसलिनचा हात फिरवणं हा जुना उपाय आणि बायकांचं स्टॉकिंग ताणून लावणं हा त्याहून आवडता. 'पेंटहाऊस'चा मालक बॉब गुचिओनी स्वतः फोटो काढायचा आणि त्याचा तो धुक्यातला लुक मासिकाची ओळखच झाला.

हे मी घरी करून बघितलंय. तुळशीबागेत काळं स्टॉकिंग आणायला गेलो तर दुकानदार विचारतो वहिनींचा साइज काय, आता त्याला काय सांगू की लेन्सचा साइज ७७ आहे. ८५ एमएमच्या लेन्सपुढे ते ताणून रबरबँडने बसवलं, बायकोला खिडकीशी बसवलं, मागे समई. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, १.८ ला मोठं उघडलं तर जाळी अजिबात दिसली नाही, समईच्या ज्योतीभोवती मात्र मस्त प्रभा आली आणि चेहऱ्यावरचे बारीक खड्डे गायब, तरी डोळे शार्प. तेच ॲपर्चर लहान करून ८ वर नेलं तर फ्रेमभर जाळीची पुसट नक्षी, जणू मच्छरदाणीतून बघतोय. मग त्वचेच्या रंगाचं स्टॉकिंग लावलं. ते उजेड पकडून सगळीकडे पसरवतं म्हणून काळे भाग करडे होतात, आणि तिचे केस एकदम पिकलेले दिसायला लागले. तो फोटो तिने डिलीट करायला लावला आणि प्रयोग तिथेच संपला. पण मुद्दा कळला: काळं स्टॉकिंग काळ्याला काळं ठेवतं, फिकट स्टॉकिंग स्वप्नाळू करतं, आणि दोन्हीचा उपयोग वेगळा.

आता तर ४के आहे, मग हे सगळं सोपं झालं असेल ना?

एका अर्थी अवघडच झालं. एचडी आलं तेव्हा मेकअपवाल्यांची झोप उडाली, कारण मेकअपचा थर, वस्तऱ्याची पुरळ, जुना व्रण, सगळं दिसायला लागलं. मग अंगभर एअरब्रश मेकअप, परत मऊ फिल्टर, परत जुन्या लेन्सेस. म्हणजे लाखभर रुपये घालून शार्प कॅमेरा घ्यायचा आणि मग तो बोथट करायला अजून पैसे घालायचे. मधल्या काळात मायकल निनसारख्या डायरेक्टरांनी दुसरीच वाट धरली, १९९५ चा 'लेटेक्स' बघितला तर मागे कॉम्प्युटरवर केलेलं जग, म्युझिक व्हिडिओसारखं कटिंग. आज ते ग्राफिक्स जुनं वाटतं, फिल्मवर काढलेलं साधं काम मात्र टिकलंय.

यात ॲक्टिंग असते का हो? की नुसतं…

हा प्रश्न सगळे हसत विचारतात, पण उत्तर लांब आहे.

डायलॉगवाली ॲक्टिंग म्हणाल तर फार नाही. सत्तरच्या दशकातल्या पिक्चरमध्ये बरेच जण न्यूयॉर्कच्या नाटकांतून आलेले असायचे, त्यांना पान-दोन पानं संवाद झेपायचे, कॉमेडीचं टायमिंग होतं. ग्लॅमर-स्टाइलमध्ये संवादच काढून टाकले, मग उरलं काय? नजर, चाल, श्वास आणि थांबणं. हे थांबणं फार कठीण असतं. नाटकातल्या चांगल्या नटाला सांगा की काही न करता बारा सेकंद आरशात बघ, हात कुठे ठेवायचे इथपासून त्याची सुरुवात होते. मॉडेलिंग केलेल्या मुलींना हे येतं, त्यांना आपली हनुवटी किती वळली की लाइट कुठे पडतो हे न बघता कळतं, म्हणून या प्रकारात मॉडेलिंगमधून आलेल्या जास्त.

दुसरी गोष्ट, जिथे आवाज रेकॉर्ड करायचा नसतो तिथे टेक चालू असताना डायरेक्टर बोलू शकतो: डावीकडे बघ, हळू, अजून हळू, आता कॅमेऱ्याकडे. मूकपटांच्या काळात असंच चालायचं. आपल्या गाण्यांच्या शूटला काय वेगळं असतं? प्लेबॅक लागलेला, मास्टरजी मॉनिटरपाशी उभे राहून ओरडतायत, धुराच्या मशिनने सगळे खोकतायत, आणि हिरोईनने चेहऱ्यावर मात्र असं दाखवायचं की ती जगात एकटी आहे. मी एका पावसाच्या गाण्याला होतो, टँकरचं पाणी एवढं थंड की तिचे ओठ निळे पडलेले, दर कटनंतर गरम पाण्याची पिशवी, आणि ॲक्शन म्हटल्याबरोबर ती हसायची. ते बघितल्यापासून 'ही ॲक्टिंग नाही' असं मी कुठल्याच शरीराच्या कामाबद्दल म्हणत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: कॅमेऱ्यात बघणं. नेहमीच्या सिनेमात लेन्समध्ये बघितलं की कट. इथे ती बघते, आणि त्या क्षणी 'मला माहितीये तू बघतोयस' असा करार होतो. ही नजर कुणी पोकळ देतं, कुणी धाक घालणारी देतं, कुणी मिश्कील. चांगला परफॉर्मर आणि साधा परफॉर्मर यातला फरक मला तरी तेवढाच वाटतो.

आणि हे विसरू नका की यातला आनंद बऱ्याचदा रचलेला असतो. एकच ॲक्शन तीन अँगलने घ्यायची तर ती तीनदा करावी लागते, मधे लाइट बदलायला पाऊण तास जातो, तेवढ्यात कुणी सँडविच खातं. पडद्यावर जे सलग वाटतं ते दिवसभराचे तुकडे असतात. यावरून स्वतःच्या बेडरूमचा हिशोब मांडणाऱ्या पोरांना एवढंच सांगेन की फास्ट अँड फ्युरियस बघून कात्रज घाटात गाडी चालवायची नसते.

कपडे काढायचेच असतात तर कपड्यांवर एवढा खर्च का?

कारण ग्लॅमर कपड्यांत असतं. ग्लोव्हज, हॅट, जाळीचा बुरखा, सिल्क, या सगळ्याने नजरेला अडथळा मिळतो. शिवाय सॅटिन आणि लेटेक्स लाइट फेकतात, मखमल खाते, त्यामुळे फ्रेममध्ये आपोआप चढउतार येतात.

सेटवर सेफ्टी वगैरे काही असते का?

अमेरिकेचं सांगतो, कारण हा धंदा रीतसर उभा राहिला तो लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत. तिथे १९८० च्या दशकात हॅरोल्ड फ्रीमन नावाच्या निर्मात्यावर वेश्याव्यवसायाला माणसं पुरवल्याचा खटला भरला होता, १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सिनेमासाठी कलाकारांना पैसे देणं म्हणजे ते नव्हे. त्यानंतर चोरून शूट करायची गरज उरली नाही, आणि लाइट लावायला वेळ मिळाला, हे पण ग्लॅमरचं एक कारण धरा! पोलीस दारात येतील या भीतीत कोण बटरफ्लाय सावली बघत बसतंय. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक कलाकार १८ च्या वरचा असल्याची कागदपत्रं ठेवणं निर्मात्यावर बंधनकारक झालं. लैंगिक आजारांच्या तपासण्या दर १४ दिवसांनी करायची पद्धत तिथल्या इंडस्ट्रीने स्वतः लावून घेतलीय.

सगळं आलबेल आहे असं मात्र अजिबात नाही. दबाव आणल्याच्या, कबूल केलं त्यापेक्षा वेगळं करायला लावल्याच्या तक्रारी अनेक कलाकारांनी उघडपणे केल्यात, आणि लाइट सुंदर असला म्हणून सेट सभ्य असतो असं काही नसतं. गंमत म्हणजे इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीच्या सीनमध्ये कलाकारांची संमती आणि मर्यादा सांभाळणारा माणूस, ही पोस्ट, जी आता आपल्या मुंबईतही ऐकू येते, ती एचबीओने पहिल्यांदा २०१८ मध्ये 'द ड्यूस' या मालिकेवर आणली, आणि त्या मालिकेचा विषय काय, तर सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कमधला हाच धंदा.

बायकांनी डायरेक्ट केलेलं काही वेगळं दिसतं का?

दिसतं. कँडिडा रोयाल आधी स्वतः अभिनेत्री होती, १९८४ मध्ये तिने फेम प्रॉडक्शन्स काढलं, बायकांना बघावंसं वाटेल असं काढायचं म्हणून. तिथे चेहरे जास्त, गप्पा जास्त, घाई कमी. नंतर बार्सिलोनात एरिका लस्ट आली, स्वीडनची. तिच्या कामात दिवसाउजेडी खिडकी, खऱ्या घरासारखी घरं, हसणं, अडखळणं. ब्लेकच्या बायका पुतळ्यासारख्या, हिच्या बायका शेजारी राहणाऱ्या वाटतात. लाइटवाला म्हणून मला ब्लेक आवडतो, माणूस म्हणून लस्टचं काम. दोन्ही एकत्र कुणी करू शकेल का? स्वच्छ खिडकीच्या उजेडाला सुद्धा पैसे लागतात, सकाळी दहाचा उजेड चारपर्यंत टिकवायला बाहेर मोठा लाइट उभा करावाच लागतो.

भारतात असं काही काढता येतं का? माझ्याकडे कॅमेरा आहे.

नाही. कॅमेरा ट्रेकला घेऊन जा. आयटी ॲक्टचं कलम ६७ए आहे, असा मजकूर ऑनलाइन टाकला तर पहिल्या वेळेला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, दुसऱ्या वेळेला ७ वर्षं. वर अश्लील मजकुराच्या विक्री-प्रसाराबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारने अश्लील मजकुरासाठी १८ ओटीटी ॲप बंद केली, जुलै २०२५ मध्ये अजून २५. आणि लहान मुलांचं काही असेल तर ते नुसतं फोनमध्ये ठेवणं सुद्धा गुन्हा, यात कुठलीही पळवाट शोधायची नाही.

मग हे शिकून माझ्या बूडवार (बेडरूममधले खासगी, मादक पोर्ट्रेट) किंवा मॅटर्निटी शूटला काही उपयोग?

भरपूर. मागून लाइट घ्या, समोरून थर्माकोल, काळं स्टॉकिंग, मोठं ॲपर्चर. क्लायंटला पोझ सांगताना 'सेक्सी बघ' असं म्हणू नका, कुणालाच जमत नाही, 'श्वास सोड आणि खिडकीतल्या त्या झाडाकडे बघ' म्हणा. खोलीत तिची एखादी मैत्रीण बसू द्या, फोटो कुठे जाणार ते आधी कागदावर लिहून घ्या. आणि एसी बंद ठेवा, अंगावर काटा आला की कितीही रिटच केलं तरी तो जात नाही.

स्टॉकिंग कुठल्या दुकानातून घेतलं?

दुकान विसरलो. साइज 'फ्री' होता.